डेडलिफ्ट, कंबर आणि आमचा खालचा थर

मंडळी, आत्ताच घाटकोपरच्या जिममधून आलोय आणि पलंगावर आडवा पडून लिहितोय.

ऑफिसच्या खुर्चीत बसून धरलेली माझी कंबर जमिनीवरून वजन उचलायच्या डेडलिफ्टमुळेच मोकळी झाली होती. पण आज जोशात वजन जास्त लावलं, उचलताना पाठ वाकली आणि कमरेत चमक भरली. ट्रेनर ओरडला, "अरे, पाठ सरळ ठेव सांगितलं होतं ना!"

परवा दहीहंडी आहे. पथकात मी सगळ्यात खालच्या थरात असतो.

मघाशी पथकाच्या दादाचा फोन आला. "तू खाली आहेस म्हणून टेन्शन नाही रे!" मी नुसतं "हो दादा" म्हणालो. तेव्हापासून जाम घाबरलोय. कुशीवर वळतानाही कळ येतेय.

खरं सांगा, तुम्ही वरच्या थरात असता, तर माझ्या खांद्यावर पाय ठेवला असता?