तोश्तेमिर अकांची निळी काच

समरकंदात रसायनशास्त्र शिकवणारे तोश्तेमिर अका अकरा वर्षं तंबाखूच्या एका रोगावर जगले. पानांवर पिवळे डाग दिसले की उर्गुतचे शेतकरी रोप उपटून जाळत. अका नेमकी तीच पानं मागायला जात. "लोक मुलगी मागायला येतात, हा रोग मागायला येतो," असं तिथले म्हातारे म्हणत.

त्या रोगाचा विषाणू काडीसारखा असतो. नीळकंठाच्या पिसात निळा रंग नसतोच, बारीक रचनेवर उजेड पडून ती निळाई दिसते. विषाणूच्या काड्या काचेवर ओळीने वाळवून तशीच निळाई उतरवायची, हा अकांचा ध्यास. त्यासाठी विषाणूत थोडा बदल करून त्यांनी तो काचघरातल्या रोपांत वाढवला. पहिली काच निळी आली. पुढच्या चार दुधाळ. आणखी एक बिघडली तर काचघर टोमॅटोवाल्यांना देऊ, असं विभागाने कळवलं.

तेवढ्यात दाराजवळ तुलनेसाठी ठेवलेल्या कोऱ्या रोपांवर डाग आले. त्यांना तर काहीच टोचलं नव्हतं. म्हणजे बाहेरचा रोग आत येऊन अकांच्या विषाणूत मिसळत होता, म्हणून काचा दुधाळ होत होत्या. कोण आणतं, ते अकांनी आठवडाभर पाहिलं.

आणत होते हमरोकुल दोमला, अकांचे गुरू, वय ऐंशी. जिभेखाली नॉसची, म्हणजे हिरव्या तंबाखूची, चिमूट ठेवून रोज येत, सगळ्यांचे हात हातात घेत आणि नातवंडांचे गाल कुरवाळावेत तशी पानं कुरवाळत. नॉसमध्ये हा रोग जिवंत राहतो, हे त्यांनीच अकांना शिकवलेलं. पण गुरूचा हात नाकारणं म्हणजे थोबाडीत मारणंच.

दुसऱ्या दिवशी अका लोटा आणि तस्त घेऊन दारात उभे राहिले, जेवणाआधी यजमान उभा राहतो तसे. लोट्यात दूध होतं. दुधाने हा विषाणू मरगळतो. दोमलांनी सवयीने हात पुढे केले, तीनदा धार घेतली, मग बोटं हुंगली.

"जेवण कुठंय?"

"नाहीये, दोमला."

दोमलांची नजर कोऱ्या रोपांवर गेली. डागांचा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही.

"किती काचा गेल्या?"

"चार."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? तुला नापास करताना मी लाजलो होतो का रे?"

ते बाहेर बाकावर जाऊन बसले. त्यानंतर कधी आत आले नाहीत. कोणी हात पुढे केला की आपला छातीवर ठेवत.

पुढची काच निळी आली. अकांनी ती बाकावर नेली. दोमलांनी फुंकर घातली. श्वासाच्या ओलीने काड्या फुगून काच हिरवट झाली, वाळताच पुन्हा निळी झाली.

"चार मी बिघडवल्या, तेही लिही."

अकांनी अहवालात लिहिलं, 'बाहेरून येणाऱ्या एका व्यक्तीच्या हातून.' दोमलांनी ते शब्द खोडले आणि तिथे आपलं पूर्ण नाव लिहिलं.