लाट कायम टिकते, असं हर्षदाने लिहिलं होतं

हर्षदा बोरसेला काळजी करायला कारण लागत नाही. घराला कुलूप लावलं की ती ते ओढून बघते, जिना उतरून गेल्यावर परत वर येऊन ओढून बघते, आणि बसमध्ये बसल्यावर शेजारच्या हिराबेनना फोन करून त्यांनाही ओढायला लावते. सुरतेतल्या बमरोलीच्या त्यांच्या सोसायटीत यावरून तिची भरपूर थट्टा होते. हिराबेन तर म्हणतात, या पोरीच्या लग्नात सप्तपदी दोनदा करावी लागेल, पहिल्या खेपेला तिचा विश्वासच बसायचा नाही. हर्षदा हसते आणि हसता हसता गॅसचं बटण बघून येते.

तिचे वडील लोटू बोरसे शिरपूरकडच्या एका गावातून तरुणपणी सुरतेला आले आणि पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये ओलं कापड ताणून वाळवणाऱ्या मशीनवर उभे राहिले, ते अजून उभेच आहेत. आई मंदा घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी, अशा चार भाषांत ही मुलगी वाढली. पण तिचं मन रमलं ते गणितात, आणि त्याचं कारण तिच्या स्वभावातच होतं. जगातली प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासावी लागते. एकदा सिद्ध झालेलं प्रमेय मात्र तपासावं लागत नाही. ते काल खरं होतं, आज खरं आहे, आणि आपण घराबाहेर असतानाही खरंच राहतं. अशा माणसाला याहून मोठा आराम कुठे मिळणार?

डॉक्टरेटसाठी तिने विषय घेतला तोही असाच, टिकण्याचा. साधी लाट पसरत जाते आणि विरून जाते. पण उथळ कालव्यात कधी कधी पाण्याचा एकच उंचवटा उठतो आणि आकार न बदलता दूरवर चालत राहतो. लाटेची पसरण्याची ओढ आणि तिचीच पुढे झुकून फुटण्याची ओढ, या दोन्ही एकमेकींना बरोबर तोलून धरतात. अशा एकट्या लाटेला सॉलिटॉन म्हणतात. प्रश्न असा, की तिला जरासा धक्का बसला तर ती सावरते की हळूहळू मोडते? आणि सावरली, तर किती काळ? हर्षदाचं समीकरण जरा आडवळणाचं होतं, त्यात कालव्याचा तळही हळूहळू चढत-उतरत होता. त्या समीकरणासाठी तिने सिद्ध केलं होतं, की धक्का लहान असेल तर लाट आपला आकार सोडत नाही. कायम सोडत नाही. तिच्या सगळ्या प्रबंधाचा जीव त्या ‘कायम’मध्ये होता. शोधनिबंध छापून आला, परीक्षकांचे अहवाल चांगले आले, तोंडी परीक्षेची तारीख ठरली. नवसारीच्या एका कॉलेजात जूनपासून कायमची नोकरी ठरली होती, पदवी हातात आली की रुजू व्हायचं. सोसायटीतली माणसं तिला आत्तापासूनच डॉक्टर म्हणू लागली होती, आणि दोघीतिघींची आपली गुडघेदुखीही सांगून झाली होती.

आता या गणिती लोकांची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. असल्या सिद्धतेत पानोपानी एकच काम चालतं. ही राशी त्या राशीच्या अमुक पटीपेक्षा मोठी नाही, ती हिच्या तमुक पटीपेक्षा मोठी नाही, असं दाखवत जायचं. या अमुक-तमुक पटींना दर वेळी नवं नाव द्यायचं तर अक्षरं पुरायची नाहीत. म्हणून सगळ्यांना एकच नाव देतात, सी. निबंधाच्या सुरुवातीला एक ओळ टाकायची, की सी हा स्थिरांक ओळीगणिक बदलू शकतो, आणि मोकळं व्हायचं. चाळीत जशी प्रत्येक बाई ‘वहिनी’ असते आणि हाक कुणाला मारली ते जिचं तिला कळतं, तसंच हे. जगभरचे गणिती असंच करतात आणि त्यात काही गैर नाही. अट एकच. हा सी कितीही मोठा असो, त्याच्यात काळ मिसळलेला नसावा. तो काळाबरोबर वाढत असेल तर ‘कायम’ म्हणता येत नाही.

परीक्षेच्या आठवड्यात हर्षदा संभाव्य प्रश्नांची तयारी करत होती. दुपारची वेळ. खालच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खात्यातला खडखडाट नेहमीसारखा भिंतीतून येत होता, आणि माय पलीकडे साडी पसरून बसली होती. तुमचा सी नक्की कशावर अवलंबून आहे, असं बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाईंनी विचारलं तर? सोपा प्रश्न. उत्तर जिभेवर असावं म्हणून तिने सगळे सी उलट्या क्रमाने सोडवायला घेतले. पहिले भराभर सुटले. मग ती लाटेच्या मागे रेंगाळणाऱ्या बारीक तरंगांच्या अंदाजाशी आली. तिथे तिने एक बेरीज सबंध कालावधीवर केली होती आणि जे उरलं ते नेहमीच्या हाताने सीमध्ये टाकलं होतं. त्या सीमध्ये कालावधी होता. काळ वाढेल तसा तो वाढणार होता, आणि वाढत वाढत सगळ्या प्रमेयाला बुडवणार होता.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग बोट ठेवून आणखी एकदा मोठ्याने वाचली. मायने मान वर करून विचारलं, “काय व्हयनं?” काही नाही, म्हणून हर्षदाने पान उलटं घातलं, जणू मायला ते वाचता येणार होतं.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. तिने तळाचा चढ-उतार आणखी मंद करून पाहिला, तरंगांना वेगळं वजन देऊन पाहिलं, लाटेच्या जागेबरोबर सरकत जाणारं माप वापरून पाहिलं. प्रत्येक वाटेवर काळ कुठून तरी आत शिरायचाच. लाट खूप वेळ टिकते एवढं सिद्ध होत होतं. कायम टिकते हे होत नव्हतं. आणि चीड आणणारी गोष्ट अशी, की ती मोडते असंही कुठे दिसत नव्हतं. ताटातलं अन्न तसंच राहायचं. आंघोळ करतानाही ती ओठ हलवत आकडेमोड करायची. मायला वाटलं परीक्षेची धास्ती आहे. तिने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली आणि ताट पुढे सरकवून म्हणाली, “खाई ले थोडंसं, रिकामा पोटे डोकं चालत नही.” एवढ्या वर्षांत तिने तपासायचं सोडून दिलेली, सिद्धता ही एकच गोष्ट होती, आणि कुलूप नेमकं तिथेच उघडं राहिलं होतं. हर्षदाला आपल्याच हाताची भीती वाटू लागली.

शेवटी ती पंड्यासरांकडे गेली. तिचे मार्गदर्शक पंड्यासर हा नावाजलेला माणूस, पण कडक नव्हे. त्या महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते आणि हर्षदा त्यांची शेवटची विद्यार्थिनी. निबंधावर तिच्या नावाशेजारी त्यांचंही नाव होतं. तिने फळ्यावर ती ओळ लिहिली आणि सीच्या जागी त्याचा खरा पसारा लिहिला. सरांनी चष्मा वर करून ती वाचली. मग खुर्चीत बसले आणि हिंदीत हळूच म्हणाले, “ये लाइन मैंने देखी ही नहीं थी, बेटा. तूने लिखी थी, इसलिए.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. सरांनी मग समजुतीच्या सुरात सांगितलं, की दोन्ही परीक्षकांनी मान्यता दिलेली आहे, परीक्षा आता नावापुरतीच. कुणी विचारलं तर खरं सांग. कुणी विचारलं नाही तर गप्प बस, पदवी घे, नोकरीवर जा, पुढे आपण दोघं मिळून दुरुस्ती छापू. यात खोटं काही नव्हतं. नुसती वेळ पुढे ढकललेली होती. हर्षदाने मान हलवली. घरी येताना पांडेसऱ्याच्या गर्दीत तिच्या मनात एकच धावा चालला होता, की बाईंनी विचारावं, आणि त्याच दमात, की बाईंनी अजिबात विचारू नये.

परीक्षेला तिचे वडील, आप्पा, आले. मशीनवरून सुट्टी घेऊन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, सरांसाठी घारीचा, सुरतेच्या मिठाईचा, डबा घेऊन. परीक्षा सगळ्यांसाठी खुली होती, पण ते दाराशीच घुटमळत होते. शेवटी शिपायाने त्यांना मागच्या बाकावर बसवलं, तेव्हा डबा त्यांनी शिपायालाच देऊन टाकला. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. पोरगी फळ्यापाशी उभी आहे आणि मोठमोठी माणसं तिचं ऐकत आहेत, एवढं त्यांना पुरेसं होतं.

दक्षिणेकडून आलेल्या परीक्षक बाई केस पिकलेल्या, मृदू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तळाच्या चढ-उताराबद्दल विचारलं, संगणकावरच्या आकृत्यांबद्दल विचारलं, सॉलिटॉन दोन असले तर काय होईल ते विचारलं. हर्षदा उत्तरं देत गेली. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता सी येणार, आणि प्रश्न दुसराच निघायचा. सीबद्दल बाईंनी विचारलंच नाही. उलट, इतकी नेटकी सिद्धता अलीकडे वाचली नव्हती, असं म्हणाल्या. परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी आणखी कुणाला काही विचारायचं आहे का, असं सभागृहाला विचारलं. कुणाला काही नव्हतं. पंड्यासरांचे खांदे सैल झाले. अध्यक्ष कागद गोळा करू लागले.

आता फक्त आभार मानायचे होते. हर्षदाने आभार मानायला तोंड उघडलं आणि इंग्रजीत म्हणाली, “मला प्रमेयाबद्दल एक सांगायचं आहे. ते मी लिहिलंय तसं खरं ठरलेलं नाही.”

मग तिने ती ओळ फळ्यावर लिहिली आणि सी सोडवून दाखवला. खडू दोनदा मोडला. बाई उठून फळ्याजवळ आल्या आणि स्वतः एकदा आकडेमोड करून परत जाऊन बसल्या. बरोबर आहे, त्या म्हणाल्या. प्रबंध या रूपात मान्य करता येणार नाही. ‘कायम’ काढून ‘दीर्घकाळ’ लिहावं लागेल, प्रमेय नव्याने मांडावं लागेल, अहवाल पुन्हा मागवावे लागतील आणि परीक्षाही पुन्हा होईल. किती वेळ लागेल, असं अध्यक्षांनी विचारलं. निदान पुढचं सत्र तरी जाईल, असं बाई म्हणाल्या. जाता जाता त्यांनी हर्षदाला विचारलं, की तुला स्वतःला काय वाटतं, टिकते का लाट? टिकत असावी, पण मला माहीत नाही, असं हर्षदाने सांगितलं. बाईंनी मान हलवली. पंड्यासर पाहुण्यांना घेऊन जेवायला निघून गेले. जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते रागावले होते की शरमले होते, ते तिला कळलं नाही.

नवसारीची नोकरी गेली, हे तिला फळा पुसतानाच कळलं होतं.

परतीच्या बीआरटीएस बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. काहीतरी बिनसलं एवढं आप्पांनी माणसांच्या चेहऱ्यांवरून ओळखलं होतं. तिने त्यांना सगळं सांगितलं, सी आणि काळ सोडून. छापलेल्यात चूक होती, ती मी दाखवली, पदवी लांबली, नोकरी राहिली. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. बोलले तेव्हा त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटावा असा होता.

“तू सांगं नसतं, तर कोणले समजतं का?”

“नही,” हर्षदा म्हणाली.

“त्या बाईले? तुन्हा सरले?”

सरांना मीच सांगितलं होतं, ती म्हणाली, आणि बाईंना कधीच कळलं नसतं.

“मंग कसाले सांगं?” आप्पांचा आवाज चढला. पुढच्या सीटवरची बाई वळून बघू लागली. आप्पांना राग आला होता आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत नव्हतं. एवढी वर्षं, एवढं शिक्षण, आता घरी गेल्यावर मंदाला काय सांगायचं, हे सगळं त्या प्रश्नात होतं, आणि हर्षदाला ते ऐकू आलं. ती रडू लागली.

“माले समजेल व्हतं ना, आप्पा,” ती म्हणाली.