मानकरी आबांची अब्दागिरी

आज चार माणसांत मी मान वर करून उभी राहते, ते मानकरी आबांमुळे. हे आधी सांगून टाकते. बाकीचं सांगता सांगता मला रडू आलं तर निदान त्यांचं नाव तरी राहून जायला नको.

धारूरच्या घाटाखालच्या आमच्या गावात आबांची ओळख म्हणजे ते स्वतःवर कधीच छत्री धरत नसत. ऊन असो, पाऊस असो. आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळत असला तरी आबा धोतर खोचून, रमतगमत, देवळाकडून घरी यायचे. त्यांच्या घरी माई, म्हणजे त्यांची बायको, दारातून छत्री हलवत ओरडायची. आबा म्हणायचे, "देवावर सावली धरायचा हात हाय ह्यो. सोतावर कावून धरू?" मग रात्री शिंका सुरू. माई काढा पुढ्यात आपटून म्हणायची, देवाला सर्दी होत नाही, मानकऱ्याला होते.

हा हात देवावर सावली धरायचा म्हणजे काय, ते सांगते. चैत्रात आमच्या भैरोबाची पालखी निघते. पालखीशेजारी अब्दागिरी चालते. उंच दांड्यावर पिंपळपानाच्या आकाराचं मोठं जरीचं पान, त्यावर चंद्रसूर्य काढलेले. उन्हाच्या बाजूला ते आडवं धरायचं, म्हणजे देवाच्या मुखवट्यावर सावली पडते. हा मान आबांच्या घराण्याचा. त्यांच्या कुणा पणज्या-खापरपणज्याने भर उन्हात पालखी थांबलेली बघून आपली घोंगडी काठीवर टाकून देवावर धरली होती. तेव्हा निजामाचं राज्य. गावच्या देशमुखांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, हा मान तुझा आणि तुझ्यामागं तुझ्या थोरल्या लेकाचा. तोंडचा शब्द, पण तो थोरल्याकडून थोरल्याकडे चालत आबांपर्यंत आला. आबांना मूल नव्हतं. म्हणून पुढे तो पुतण्याकडे, बाळूदादाकडे जाणार, हे गावाने धरूनच ठेवलं होतं. बाळूदादाचं वडवणीला मोबाइलचं दुकान.

मी त्या घरातली नव्हे. माझे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला टोळीबरोबर जायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून आबांनी माझ्या बापाला चावडीवर अडवलं आणि सांगितलं, पोरीला माझ्या घरी ठेव, कोयत्याला नेऊ नको. तेव्हापासून दर हिवाळा मी आबा-माईंच्या घरी. आठवीपुढची शाळा धारूरला होती. घरच्यांनी पाठवलं नाही. त्यावरून आबा माझ्या बापाशी भांडले, हरले, आणि नंतर कितीतरी दिवस आमच्याशीच अबोला धरून बसले. माझंच काही चुकलं असं मला वाटायचं. अजूनही कुणी गप्प बसलं की मला तसंच वाटतं.

अब्दागिरी कशी धरतात, हे मीच आबांना विचारलं. पोरीने विचारलं म्हणून त्यांना हसू आलं, पण शिकवलं. काठीला सूप बांधायचे आणि माई अंगणात डाळ निवडायला बसली की मला तिच्याशेजारी उभं करायचे. मी सुपाकडे बघत राहायची आणि माईच्या कपाळावर ऊन. आबा खाटेवरून म्हणायचे, "सुपाकडं बघू नको, मने. सावलीकडं बघ. पान मिरवायला न्हाई, सावलीला हाय." माई उगाच इकडेतिकडे सरकून मला दमवायची. बाळूदादालाही आबांनी असंच शिकवलं होतं, पण त्याच्या खिशातला फोन मधेच वाजायचा आणि माई उन्हात राहायची.

माझं लग्न ठरायचं होतं त्या वर्षी आबांच्या उजव्या हाताला लकवा झाला. चैत्र तोंडावर आला. अब्दागिरी उठल्याशिवाय पालखी उठत नाही, अशी रीत. बाळूदादा नवा फेटा बांधून आला. चावडीपुढून पालखी निघाली, समोर सगळ्यांचे फोन वर झाले, आणि बाळूदादाने चंद्रसूर्याची बाजू लोकांकडे फिरवली. नक्षी फोटोत यावी म्हणून. आबा खुर्चीत बसले होते. त्यांनी डाव्या हातातली काठी आडवी धरली. हलगी थांबली.

"बाळ्या, देवाच्या तोंडाकडं बघ."

मुखवट्यावर रणरणतं ऊन. सावली पडली होती बाळूदादाच्या नव्या फेट्यावर. त्याने जीभ चावली, पान फिरवलं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तेव्हा तो स्वतःच हसला आणि म्हणाला, आबा, माझं ध्यान लोकांकडं जातंय, मनीला द्या, तिला येतंय. बाळूदादा मनाचा मोकळा, आजही माझा भाऊच आहे. अडले ते भावकीतले थोरले तात्या.

"परक्याची पोर, त्यात बाईमाणूस. उद्या लगीन होऊन गेली तर मान सासरी न्हेणार का बे?"

आबांची जीभही थोडी जड झाली होती. शब्द जोडत जोडत बोलले. "न्हेऊ द्या तात्या. आपल्या पणज्याला मान कावून मिळालता? कुणाचा ल्योक हाय म्हणून न्हाई. सावली धरली म्हणून. जिला धरता येती ती आमची. ये मने."

मी गर्दी बघितली नाही. माझी आई कुठे तोंडात पदर धरून उभी होती, ते मला नंतर इतरांनी सांगितलं. मी चावडीपासून टेकडीवरच्या देवळापर्यंत फक्त मुखवट्यावरची सावली बघत चालले. ती हलली नाही.

त्यानंतर अर्धी भावकी आबांच्या घरी जेवायला येईना. पंगतीत पत्रावळी रिकाम्या राहिल्या. आबा म्हणाले, बरं झालं, आयतं पाय पसरून जेवू. तात्या तर पालखीकडे पाठ करून बसायचे. पुढे एका जत्रेत मात्र ते कडेने चालत माझ्यापाशी आले आणि पुढे बघतच म्हणाले, पोरी, जरा डावीकडं. खरंच सावली सरकली होती. मी डावीकडे घेतली. तेवढ्यावर सगळं मिटलं.

मग तात्यांचा शब्द खरा झाला. माझे मिस्टर अंबाजोगाईचे, नर्सिंग शिकलेले. त्यांना इंग्लंडच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि मान सासरी नव्हे, सातासमुद्रापार आला. मी इथे एका वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या खोलीत काम करते. तिथे एक आजी आहेत, त्यांच्या दारावरच्या नावाआधी एक भारदस्त शब्द लिहिलेला आहे. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी विचारलं, हे काय? मी चादरींच्या घड्या घालत होते, तोवर त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील लॉर्ड होते. त्यांच्या कुठल्या पूर्वजाला राजाने सनद दिली होती आणि पदवी कुणाकडून कुणाकडे जाईल, तेही सनदेतच लिहिलं होतं. थोरला मुलगा, मग त्याचा थोरला मुलगा. मुलगा नसेल तर भाऊ, पुतण्या, त्याच वंशातला जो पुरुष जवळचा असेल तो. मुलीकडे जाणाऱ्या पदव्या अगदी थोड्या. दत्तकाला तर मिळतच नाही. कुणीच उरलं नाही तर पदवी संपली. हल्ली नव्या माणसाला असली पिढीजात पदवी सहसा देत नाहीत. पंतप्रधान नाव सुचवतात, राजा मान देतो, पण तो हयातीपुरता. माणूस गेला की मान गेला.

आजींना भाऊ नव्हता. त्यांच्या वडिलांची पदवी ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळणाऱ्या एका चुलत पुतण्याकडे गेली. तो कधी इकडे फिरकला नाही, तरी लॉर्ड तोच. बरा माणूस आहे, नाताळला कार्ड पाठवतो, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, वडिलांना वाटलं असतं तर तुम्हाला देता आली नसती? त्या म्हणाल्या, सनदेपुढे बापाचंही चालत नाही.

मग मी त्यांना आबांचं सांगितलं. बोलताना माझा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. आजींनी विचारलं, धरतात कशी ते दाखव. खिडकीतून ऊन येत होतं. मी त्यांच्या काठीला उशीचा अभ्रा अडकवला आणि उन्हाच्या बाजूला धरला. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

पण ऑस्ट्रेलियातल्या त्या लॉर्डची गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. गेल्या दोन जत्रांना मला जाता आलं नाही. बाळूदादा अब्दागिरी उचलतो आणि आधी मोठ्याने सांगतो, मनीच्या नावानं. हे ऐकून अभिमान वाटतो, पण लगेच मनात येतं, नाव माझं, हात दुसऱ्याचा. मीही नाताळच्या कार्डापुरतीच मानकरी झाले की काय? शेवटी फोनवर मी आबांना म्हणाले, मान बाळूदादाला परत देऊन टाका. पडद्यावर आबा गप्प बसले, आणि मला वाटलं, चुकलं माझं.

"मान परत घेतेत व्हय?" ते म्हणाले. "पर ठिवून घ्यायचा बी नसतो. कुणाला तरी शिकीव."

आबांकडे यंदा रूपा नावाची पोर राहते, टोळीबरोबर गेलेल्या आईबापांची. तिला शिकायचं आहे, पण आबांचा हात वर जात नाही. माझे मिस्टर थट्टेने आमच्या लेकीलाच मानकरी म्हणतात. मला ते ऐकायला गोड लागतं, खोटं कशाला बोलू. पण या चैत्रात सुटी मंजूर झाली आहे. लेकीला घेऊन येते आणि दोघींना काठीला सूप बांधून देऊन अंगणात उभं करते. माझ्या लेकीपेक्षा रूपाची सावली नीट पडली तर दांडा रूपाच्याच हातात देईन. रडत देईन, पण देईन. तुमचं देणं दुसरं कशाने फिटायचं नाही, आबा. तेवढं थांबा.