कायमची दाढ

सात वर्षांची असताना माझी खालची मागची दाढ किडली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि आम्ही नाशिक रोडला कॉलनीत राहायचो. पोरांच्या दातांबाबत अख्ख्या कॉलनीचं एकच मत होतं: दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत. माझे पुढचे दात हलत होते, म्हणजे ही दाढही आज ना उद्या पडणार, असं आईने ठरवून टाकलं. लवंग दाबून धरायची, की झालं.

लवंगेने भागेना. मी जेवण सोडलं तेव्हा आईने मला सायखेड्याला मावशीकडे नेलं. तिथे बाजारच्या दिवशी दातातले किडे काढणारी बाई बसायची. तिने निखाऱ्यावर रिंगणीचं बी टाकलं, नळीने धूर माझ्या दाढेवर सोडला आणि पाण्याच्या ताटलीत बारीक पांढरं काहीतरी दाखवलं. मी भोकाडच पसरलं.

"अगं बया, केवढे किडे हायेत पोरीच्या तोंडात!" मावशी हरखून म्हणाली. "डाक्टरला नसते घावले!"

ते किडे नव्हतेच, बियांचाच चुरा होता. पण हे मावशीला सांगायची कोणाची टाप होती? आणि दुखणं थांबलंही. दाढ आतून मेली होती, म्हणून थांबलं. नाव झालं बाईचं.

पुढे गाल डोळ्यापर्यंत सुजला. मग स्टेशनजवळचे दातांचे डॉक्टर. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, "ही दुधाची नाही हो. कायमची आहे."

"कायमची कशी?" आई म्हणाली. "हिची एकही दाढ अजून पडलेली नाही."

"ही कशाच्या जागी येत नाही. सहाव्या वर्षी मागे आपली आपण येते."

"मग वाचवा ना!"

"आता काढावीच लागेल. आणि तिथे पुन्हा येणार नाही."

मी आ वासून हे सगळं ऐकत होते. पण दाढ काढून घरी आल्यावर विचारलंच, नवी येईल ना? आई म्हणाली, "येईल हं." मला बरं वाटलं. डॉक्टरपेक्षा आई खरी, एवढं सरळ होतं ते.

मग दर रविवारी न्हाऊन झालं की ती मला खिडकीपाशी उभी करायची, बोटाने ओठ खाली ओढून आत बघायची. मी विचारायचे, "आली?" ती म्हणायची, "अजून नाही."

हळूहळू माझा नाद सुटला. मी विचारायचं बंद केलं. तरी रविवारी तिची हाक यायचीच, "इकडे ये, दाखव बरं."