बोधगयेसाठी राखून ठेवलेलं मशीन

अप्पांनी सिल्वासातल्या एका यार्नच्या कारखान्यात तीस वर्षं काढली. धुळ्याकडून आले, ट्विस्टिंग खात्यात, सुताला पीळ देणाऱ्या मशीनवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. कानात घालायला बुचं मिळायची, पण ती त्यांनी कधी घातली नाहीत. मशीनचा आवाज बदललेला कळला नाही तर तो ऑपरेटर कसला, असा त्यांचा हेका. आवाजावरून नक्की होईना तेव्हा ते मशीनच्या अंगावर तळहात टेकायचे आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे. ही खोड घरीही होती. मिक्सर, फ्रिज, माझी स्कूटर, सगळ्यांची तब्येत अशीच बघितली जायची.

आई रोज सकाळी सात वाजता आमच्या खोलीतल्या बुद्धमूर्तीपुढे वंदना म्हणते. सात वाजता अप्पा एक तर पहिल्या पाळीत मशीनपाशी असायचे, नाही तर रात्रपाळी करून डोक्यावर उशी घेऊन झोपलेले. रिटायर झाले, सकाळी मूर्तीपुढे आईशेजारी बसायला लागले, तेव्हा लक्षात आलं की आईचे ओठ हलतात पण ऐकू काही येत नाही. डॉक्टर म्हणाले, उरलंय तेही हळूहळू जाईल. त्या दिवशी घरी येताना अप्पांनी मला एवढंच सांगितलं, "कान पुरते जायच्या आत हिची वंदना बोधगयेला ऐकायची आहे. एकदा."

मी लगेच कामाला लागले. कानाचं मशीन घेतलं, वापीहून गाडीचं रिझर्वेशन केलं, आधी सारनाथ, मग कुशीनगर आणि शेवटी बोधगया अशी आखणी केली. डॉक्टरांनी बजावलं होतं, मशीन रोज थोडा वेळ लावा, कानाला सवय होऊ द्या. अप्पांनी ते रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं. नवी वस्तू चांगल्या दिवसासाठी ठेवायची, ही आमच्या घरची रीत. नवीन चादरीसुद्धा पाहुणे येईपर्यंत पिशवीतच असतात.

सारनाथला स्तूपाभोवती फिरताना मी म्हटलं, "अप्पा, आता तरी लावा." त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवून मान हलवली. कुशीनगरला निजलेल्या बुद्धांच्या पायाशी आई कितीतरी वेळ बसली, तिथेही तेच. "बोधगयेलाच लावीन," ते म्हणाले. माझं डोकं फिरलं. आई हसली आणि म्हणाली, "जाऊ दे व माय, त्यांचं मशीन, त्यांची पाळी."

बोधगयेला महाबोधी मंदिरामागे, बोधिवृक्षाजवळ जागा मिळाली. आई पांढरी साडी नेसली होती. अप्पांनी रुमाल सोडला, मशीन कानात घातलं आणि आईकडे बघून मान डोलावली. सुरू कर.

तेवढ्यात शेजारी एका परदेशी जथ्यानं माईकवरून पठण सुरू केलं. पलीकडे दुसऱ्या देशातले लोक त्यांच्या भाषेत म्हणत होते, मागे कोणी घंटा वाजवत होतं, झाडावर पक्षी ओरडत होते. आम्हाला ते गोड वाटत होतं. अप्पांनी मात्र दोन्ही हातांनी कान दाबले. मशीन उपसून काढलं आणि म्हणाले, "पूरं डिपार्टमेंट चालू आहे. हिचा आवाज कुठाय त्याच्यात?" पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा काढलं ते रुमालात गुंडाळून खिशात टाकलं.

आणि मी, जिला त्या वेळी गप्प बसता आलं असतं, ती बोललेच. "सांगितलं होतं ना, सवय करा म्हणून? एवढ्या लांब येऊन काय मिळालं?" त्यांना शब्द कळले नसतील, पण चेहरा कळला. शाळेत छडी खाल्लेल्या मुलासारखे ते जमिनीकडे बघत बसले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

आई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि वंदना सुरू केली, घरी म्हणते तशीच, हळू. अप्पा थोडा वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग जरा सरकले आणि आईच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहात टेकला. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना चारचौघांत आईला हात लावताना पाहिलं नव्हतं. त्यांनीही डोळे मिटले. मान एका बाजूला कलली, मशीनपाशी कलायची तशी.

मग ते, ऐकू न येणारी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "बराबर चालू आहे!"

दोन-चार भिक्खूंनी वळून बघितलं. आईचा आवाज तिथे फुटला. त्रिसरण झालं होतं, पंचशीलाच्या मध्यावर ती थांबली आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. अप्पांचे डोळे लगेच उघडले. तळहात पाठीवरून न काढता, कपाळाला आठ्या घालून त्यांनी तिला विचारलं, "बंद का केलं?"

आईनं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.