तीन सडांची गाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. कधी मांडवगण फराट्याला उतरलात, तर समोरच्या भिंतीवरची गाय बघून हसाल आणि आपल्या वाटेनं जाल.

गाईकडे येतेच. जरा वेळानं. (टाळतेय मी — कळतंय मला.)

आधी मामा. माझे दत्तूमामा दौंडला असतात आणि पेंटर आहेत. घरं रंगवणारे नाहीत, दुकानांचे बोर्ड आणि भिंती रंगवणारे. अक्षरं सुरेखच काढायचे, पण त्यांचं नाव होतं ते चित्रांसाठी. चिकन सेंटरवरची कोंबडी, चष्म्याच्या दुकानावरचे डोळे, सलूनवरचा भांग पाडलेला पोरगा. मटणाच्या दुकानावर त्यांनी काढलेला बोकड चक्क हसायचा. हा का हसतोय, असं मी लहानपणी विचारलं होतं. म्हणाले, "मग रडवू व्हय? गिऱ्हाइकाला घास उतरंल का?"

फ्लेक्स आले तरी मामांचं काम थांबलं नाही. आमच्याकडच्या उन्हात फ्लेक्सवरची गाय वर्षभरात निळी पडते. मामांची गाय आहे तशी राहते.

आणि मी? मी शिरूरची, इंग्लिश मीडियमची, आणि भयंकर लाजाळू. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी. गाईवर इंग्रजीतून किती निबंध लिहिले असतील, पण गाईला खालून कधी नीट पाहिलं नव्हतं. न बोलण्याचा एक फायदा मात्र असतो. लोकांना वाटतं, ही बोलतच नाही, तर खोटं काय बोलणार? मामांनाही तसंच वाटायचं. अजून वाटतं.

बारावीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला गेले आणि त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला. आधी फक्त गवत. "गवात बिघडत न्हाई," म्हणाले. मग आभाळ, मग शेपटीचा गोंडा. मला ते इतकं आवडलं! भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, कुणाशी बोलायचं नाही, आणि तरी लोक म्हणणार, छान केलंस. माझ्यासारखीला याहून बरं काम कुठलं? मामा तर चहाच्या टपरीवरसुद्धा सांगायचे, "भाचीचा हात बघा." कुणी बघितलं की मी हात ओढणीत लपवायचे.

मग मांडवगणचं काम आलं. पेंडीचं नवं दुकान. मालकांना सगळे नाना म्हणायचे. त्यांना बाजूच्या अख्ख्या भिंतीवर काळी-पांढरी गाय हवी होती — एसटीतून उतरणाऱ्याला पहिली तीच दिसावी इतकी मोठी. मामांनी दोन दिवसांत ती उभी केली. डोळा असा, की तुम्ही रस्ता ओलांडलात तरी तुमच्याकडे बघणार. मग त्यांनी कास गुलाबी रंगानं भरली, तिला दोन सड काढले — सड म्हणजे ज्यातून धार काढतात ते — आणि तेवढ्यात नानांनी त्यांना पुढच्या बोर्डाचं माप घ्यायला हाक मारली. जाताना म्हणाले, "तू गवात घे. ऱ्हायलेलं मी येऊन करतो."

मी गवत घेतलं नाही.

मला वाटलं, मामा येतील आणि बघतील तर कास पुरी! म्हणून शिडीवर चढले, गुलाबी रंग घेतला आणि तिसरा सड काढला. चांगला निघाला हो — मामांच्या दोनपेक्षा तसूभर कमी नाही. चौथ्यासाठी ब्रश उचलला, आणि खालून हसल्याचा आवाज आला. स्टँडच्या बाकावर माझ्याच वयाची तीन-चार पोरं बसली होती. ती मला हसत होती की मोबाइलमध्ये बघून, मला आजही माहीत नाही. मला एवढंच सुचलं की मी भर रस्त्यावर शिडीवर उभी राहून गाईचे सड रंगवतेय. कानापर्यंत लाल झाले. खाली उतरले आणि गवतात तोंड खुपसलं — म्हणजे रंगवायच्या गवतात.

नंतर काढू, असं ठरवलं होतं. मग नाना आणि मामा बोलत-बोलतच आले. मामांनी कासेकडे ओझरतं पाहिलं, त्यांना ती पुरी वाटली असणार, आणि बोलता बोलताच खालची अक्षरं सुरू केली. आणि मी? मी विसरले असं म्हणायला आवडलं असतं. पण विसरले नव्हते. शिडीवर परत चढायची लाज वाटत होती, एवढंच.

उद्घाटनाला आम्हाला पाहुण्यांसारखं बोलावलं होतं. पेढे, हार, मंडप. गर्दीत पटका बांधलेले एक आबा होते, जन्म मेंढरांमागे गेलेला. ते भिंतीपाशी आले, काठीवर हनुवटी टेकवून गाईकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आरं नाना, ही तर तीन सडावं हाय की रं!"

आमच्या भागात सड बाद झालेली गाय बाजारात फुकट दिली तरी कुणी नेत नाही. आणि इथं ती पेंडीच्या दुकानावर! मग काय विचारता.

"नानाची पेंड खाऊन गळाला आसंल!"

"ओ पेंटर, चौथा दौंडला इसरला व्हय?"

"आसूद्या, तीन सडाचं तर तीन सडाचं, दूध फॅटला लागतंय का बगा!"

नानांचा चेहरा पेढ्यासारखा पिवळा झाला. मामा मात्र हसत नव्हते. ते गाईकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "कासंला तू हात लावला व्हता का गं?"

इथंच. इतका वेळ ज्याच्याभोवती फिरतेय ते हेच.

मी गवताकडे बोट दाखवलं.

बस. खोटं बोलले असंही म्हणता येत नाही — बोललेच नाही. माझं बोट गवताकडे गेलं आणि मामांनी मान हलवली. त्यांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी त्यांची न बोलणारी, खरी भाची.

मामांनी तिथल्या तिथं चौथा सड काढायला ब्रश घेतला, पण तोवर लोक गाईपाशी उभं राहून फोटो काढायला लागले होते. नाना हुशार माणूस. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पेंटर. फुकटात नाव व्हतंय." आज मांडवगणला कुणी पत्ता सांगितला तर म्हणतो, तीन सडाच्या गाईपाशी उतर. दुकान जोरात चालतं. म्हणजे पुसायचीही सोय राहिली नाही.

मोटारसायकलवरून परत निघालो. भीमेचा पूल ओलांडल्यावर मामा एकदम मोठ्यानं हसले, "तीन सड! आयला!" मीही मागे बसून हसले. तेव्हा सांगता आलं असतं ना? वाऱ्यात, पाठीमागून, तोंडही दिसलं नसतं.

मग ते डोळे तपासायला गेले. मी सोबत होते. त्यांनी तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली, वर डॉक्टरांना सांगितलं की तुमच्या 'ग'ची दांडी वाकडी आलीय. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "मंग डोस्कंच गेलं म्हणायचं!" आणि पुन्हा हसले. घरी मामीला सांगितलं, तीही हसली. संध्याकाळी मी पाणी घ्यायला गेले तर स्वयंपाकघरात ते मामीला म्हणत होते, "आप्पाचंबी आसंच सुरू झालं व्हतं गं." तेव्हा ते हसत नव्हते. आप्पा म्हणजे त्यांचे वडील. शेवटी शेवटी ते स्वतःच्या लेकाला ओळखत नव्हते.

मी पाणी न घेताच परत फिरले.

त्यानंतर मामांनी एकही चित्र काढलेलं नाही. अक्षरं काढतात, चित्रं मला देतात. मी आता रांजणगावच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, पण रविवारी मामांबरोबर असते. निमोण्याला दूध डेअरी, कवठे येमाईला कोंबडी खाद्य. चिडवू नका, माझाही बोकड आता हसतो. लोक म्हणतात, भाची मामाच्या पुढं गेली. मामांना हे ऐकून इतका आनंद होतो की बघवत नाही. त्यांनी भिंतीच्या कोपऱ्यात सही बदललीय, 'मामा-भाची आर्ट'. त्यातली 'भाची' मोठ्या अक्षरात आहे.

त्यांचं डोकं ठणठणीत आहे. सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, कुठल्या गल्लीतल्या शटरला कुठला रंग, सगळं पाठ. तरी घराला कुलूप लावल्यावर ते मला विचारतात, "लावलं ना गं मी?" लावलेलं असतं.

मागच्या रविवारी पुन्हा एक गाय होती. मी कास पुरी केली. मामा खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते. शिडी हलू नये म्हणून वर न बघताच त्यांनी विचारलं, दरवेळी विचारतात तसंच, "मोज गं एकदा. माझा भरवसा न्हाई."

मी मोठ्यानं मोजते, खाली ऐकू जाईल असं. एक. दोन. तीन. तिथं दरवेळी थोडी थांबते. मामांना वाटतं, मी नीट बघतेय.

चार.