दिवस बुडतानाचा फोन

आमच्या गावात फोन दिवसभर बंद असतो. रेंज मिळते ती फक्त टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली. खाली गावात चालू ठेवला तर तो मेला टॉवर शोधत राहतो आणि बसल्या जागी बॅटरी खाऊन टाकतो. पावसाळ्यात वीज एकदा गेली की कधी येईल देव जाणे. म्हणून रीतच पडली आहे. दिवस बुडताना टेकडीवर जायचं, फोन चालू करायचा, कामापुरतं बोलायचं आणि लगेच बंद. कोणी जास्त बोललं की माय दटावायची, "काऊन फुकटची बॅटरी जाळून राह्यला रे?"

मायचं छातीचं दुखणं वाढलं तेव्हा बाबांनी तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात भरती केलं. मी धानाच्या रोवणीसाठी मागं राहिलो. रोज दिवस बुडताना बोलायचं ठरलं. तिथं खाटेजवळच चार्जिंगचा बोर्ड, रेंजही भरपूर. मी चिडायचो, "बाबा, तिथी तरी चालू ठेवा नं जी!" बाबा हो हो म्हणायचे आणि बंद करायचे. एवढ्या वर्षांची सवय, ती काय दवाखान्यात जाऊन सुटते?

मग पाऊस लागला. वीज गेली, नाल्याचं पाणी पुलावरून वाहू लागलं, बस बंद. त्या संध्याकाळी मायचा आवाज खोल गेला होता. "ये नं बापू, तुले पाहावंसं वाटते," ती म्हणाली. जाणार कसा? जीव थाऱ्यावर नव्हता.

सकाळीच टेकडी गाठली. म्हटलं, खड्ड्यात गेली ती रीत, आज दिवसभर फोन चालू ठेवतो. मायला कधीही बोलावंसं वाटलं तर मी इथं पाहिजे. मधूनमधून मीच लावून पाहायचो. पलीकडचा फोन बंद. अस्सा राग यायचा दोघांचा! पावसात रेंज यायची, जायची, आणि फोन तिच्यामागे धावत राहायचा. पडदा अंधुक केला, नेट बंद केलं, सगळे उपाय झाले. दिवस बुडायला आला आणि फोन हातातच बंद पडला. तिथंच बसून रडलो मी.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तसा निघालो. बाबा दवाखान्याच्या पायरीवर एकटेच बसले होते. मला पाहताच त्यांचा बांध फुटला.

"दुपारपासून तुह्याशी बोलाचं म्हणे," ते म्हणाले. "लावतो म्हटलं, तं थांबा म्हणे. पोरगा संध्याकाळीच येते टेकडीवर, आता काऊन बॅटरी जाळता? दिवस बुडताना लावला, तं तुहा बंद. लावत राह्यलो बाप्पा, लावतच राह्यलो. तेवढ्यात गेली ती."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी चालू केला. बॅटरी भरलेली होती.